बंद केलेली तक्रार

आम्ही काही जणांनी मिळून मराठीचं शुद्धलेखन तपासणारा एक प्रोग्राम केला होता. कोणीही फुकट घ्यावा, आतला कोड उघडून बघावा, हवा तर दुरुस्त करावा, असा. आम्ही खानदेशातले. अहिराणीतल्या प्रत्येक ‘शे’खाली, म्हणजे ‘आहे’खाली, लाल रेघ बघून वैतागलेलो, म्हणून अहिराणी शब्दही त्यात घातले होते. मी जळगावला कनिष्ठ महाविद्यालयात संगणक शिकवायचो, राहायला पिंप्राळ्यात. माझा मित्र धुळ्याचा, नरडाण्याच्या एका कारखान्यात मशीनची देखभाल बघायचा. बाकीचे कोणी पुण्यात, कोणी नाशकात. सगळे आपापली नोकरी सांभाळून करणारे.

अडचण तक्रारींची होती. त्या कुठूनही यायच्या. ईमेलने, व्हॉट्सॲपवर, लग्नाच्या पंगतीत. एकच चूक तिघं कळवायचे, आणि खरी गंभीर चूक माझ्या फोनमध्ये सुप्रभातच्या फुलांखाली दबून जायची. म्हणून एक ट्रॅकर घ्यायचं ठरलं. म्हणजे अशी वेबसाइट, जिथे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, ती कोण बघतंय ते दिसतं आणि काम झालं की ती बंद करता येते.

कोणता घ्यायचा हे ठरवायला एक रविवार पुरेल असं वाटलं होतं. पावसाळा गेला, कापूस वेचून झाला, तरी आमचं चालूच. एका मोठ्या कंपनीची फुकट साइट होती, बरेच जण आधीपासून तिथे होते. मित्राला ती नको होती.

“आपण लोकांना सांगायचं सगळं मोकळं ठेवा, आणि आपल्या तक्रारी दुसऱ्याच्या कुलपात? आपला ट्रॅकर आपल्या सर्व्हरवर चालवू.”

“तो बंद पडला तर कोण बघणार?”

“मी बघेन.”

“आणि तू पाळीवर असशील तेव्हा?”

पुढच्या रविवारी तेच पुन्हा. पुण्याच्या एकाने तुलनेचा तक्ता केला. त्यात रकाने वाढत गेले, निर्णय जागच्या जागी. एकदा मित्र म्हणाला, “सोनगीरच्या अक्कांना विचारू या का?”

अक्का आमच्यात सगळ्यांत जास्त चुका शोधायच्या. पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायच्या, आता घरी बसून अहिराणी कहाण्या टाइप करायच्या, आणि प्रोग्राम कुठे अडखळला की मला आवाजी मेसेज पाठवायच्या. मी म्हटलं, “त्यांना काय, त्या कुठूनही कळवतील.” विषय तिथेच संपला.

शेवटी कंपनीची साइट घेतली. मित्राला पटलं असं नाही, तो दमला होता. मीही दमलो होतो. जुन्या तक्रारी एकेक करून तिकडे हलवल्या आणि सगळ्यांना कळवलं की यापुढे व्हॉट्सॲपवर काही पाठवू नका. मग रोज पहिल्या तासाआधी स्टाफरूममध्ये बसून मी यादी उपसायचो. ‘आधीच नोंदवलेली’, बंद. ‘माहिती अपुरी’, बंद. यादी आखूड झाली की बरं वाटायचं. कोणी काय लिहिलंय, हे नीट वाचायचं त्राण उरलं नव्हतं.

उन्हाळ्यात मित्राचा फोन आला. “अक्कांचं काही आलं का एवढ्यात?”

मला आठवेना. फोनमध्ये बघितलं तर संक्रांतीनंतर एकही मेसेज नाही.

“मी रोज कामावर जाताना सोनगीरवरून जातो रे,” तो म्हणाला. “एकदाही उतरलो नाही.”

रविवारी मी एसटीने धुळ्याला गेलो, तिथून त्याच्या मोटरसायकलवर दोघं सोनगीरला. ऊन डोक्यावर आलं होतं. अक्कांनी आधी पाणी दिलं, मग घरच्यांची चौकशी केली. तब्येत ठणठणीत होती. मीच विचारलं, “अक्का, तुमचं काही येत नाही हल्ली?”

“पाठवलं होतं ना. तुम्ही सांगितलं तिथेच.” त्या हसल्या. “तुमची ती साइट आत जाऊ देईना. चित्रं दाखवते आणि म्हणते, झेब्रा क्रॉसिंग ओळखा. चार दिवस खटपट केली, भाऊ. मग भाचीने खातं काढून दिलं, तिच्याच नावाने. इंग्रजीत लिहायचं म्हणून डिक्शनरी घेऊन बसले. लिहिलं. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, बंद.”

“कोणी बंद केली?” मित्राने विचारलं.

त्यांनी संगणक लावला आणि ते पान उघडलं. खाली माझं नाव होतं. ‘आधीच नोंदवलेली.’ एवढेच दोन शब्द.

अक्काच म्हणाल्या, “मला वाटलं, आता तुमचं काम मोठं झालं. आपलं काय त्यात.” आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

“चूक काय होती?” मी विचारलं.

त्यांनी टाइप केलं, बठ्ठं बरं शे, म्हणजे सगळं बरं आहे. रेघ आली नाही. मग त्याच वाक्याला अवतरणचिन्हं लावली, आणि ‘शे’ लाल झाला. “कहाणीत माणसं बोलतात,” त्या म्हणाल्या. “अवतरणचिन्हांशिवाय कशी बोलणार?”

‘शे’बद्दलची जुनी तक्रार वेगळी होती. ही कोणीच नोंदवलेली नव्हती. मी त्यांच्यासमोरच ती पुन्हा उघडली आणि खाली मराठीत लिहिलं, चूक माझी, न वाचता बंद केली. अक्कांनी चष्मा वर करून ते वाचलं आणि म्हणाल्या, “बरं. पण मी त्या साइटवर नाही येणार आता. दमले मी.”

शेवटी असं ठरलं की त्या पूर्वीसारख्या बोलून पाठवतील आणि ट्रॅकरवर लिहायचं काम मी करीन. मी आठवडाभरात ती चूक दुरुस्त केली. त्यांचे मेसेज पुन्हा येऊ लागले, पण पूर्वीइतके नाहीत. प्रत्येकाच्या सुरुवातीला त्या आता म्हणतात, “भाऊ, हे आधी कोणी सांगितलं असेल तर सोडून द्या.” ते ऐकलं की दर वेळी खाली बघावंसं वाटतं.

त्या रविवारी सोनगीरहून परतताना मित्राने मला धुळ्याच्या स्टँडवर सोडलं. जळगावची गाडी लागायची होती. आम्ही उसाचा रस घेतला.

“मग, दुसरा ट्रॅकर शोधायचा का?” त्याने विचारलं.

“नको.”

“मलाही नको,” तो म्हणाला, आणि ग्लास परत द्यायला उठला.