गुणवंतरावांच्या अंगात येणारी माणसं

नागभीडचे गुणवंतराव पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांतून मुंबईला गेले आणि कॅमेऱ्यासमोरच म्हातारे झाले. सिनेमात नावाडी, मालिकेत वैद्य, मग दरोडेखोर, न्यायाधीश, विधुर सासरा. एक भूमिका दुसरीसारखी नसे. हे कसं जमतं असं कुणी विचारलं, की ते खरं तेच सांगत: कॅमेरा सुरू झाला की मन रिकामं होतं आणि हातपाय आपोआप हलतात. लोकांना तो विनय वाटे.

गेल्या हिवाळ्यात त्यांची भाची रंजीता हिने त्यांना आपल्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला बोलावलं. शाळा गोंडपिपरीच्या पुढे, जंगलातल्या एका लहानशा गावात. त्या गावात गुणवंतरावांनी कधी पाय ठेवला नव्हता. सत्कार झाला, शाल-नारळ मिळाला. मंचावरून उतरताना एका म्हातारीनं त्यांचा हात धरला.

"मामा, या सोमारीबाई," रंजीता म्हणाली. "तुमचं एकही काम चुकवत नाहीत."

"घरी चाला जी," सोमारी म्हणाली.

अंगणात खाट टाकली, कोरा चहा आला. कुडाच्या कुंपणापलीकडे बायका येऊन उभ्या राहिल्या. सोमारी गुणवंतरावांकडं बघतच राहिली. नट बघतात तशी नाही. माहेरचं माणूस बघतात तशी.

"तुमी नावाडी झाले होते नं? हासताना तोंडावर पालथा हात ठेवे तो? तो माहा सुकलू. माहा नवरा. नदीनं नेला त्याले."

"बाई, असं पुष्कळ लोक हसतात."

"अन् तो वैद्य, आयकताना एक डोळा मिटे? तो आमचा गावचा पुजारी. अन् दरोडेखोर बसाच्या आंधी पायानं भुई झाडे. तो ह्या रुखमाचा बाप. वाघानं नेला."

कुडाबाहेर एका बाईनं मान हलवली. गुणवंतरावांच्या हातातला चहा तसाच राहिला. ते भुई झाडणं त्यांना लख्ख आठवत होतं. हे कुठून आणलंत, असं दिग्दर्शकानं विचारलं होतं आणि त्यांना सांगता आलं नव्हतं.

"भेऊ नोका," सोमारी म्हणाली. "मानूस गेला का वरीस-दोन वर्सानं तुमच्यात दिसते. आमी टीवीपुढं बसून भेटून घेतो. आता कोन येऊन राह्यलं?"

नव्या मालिकेत ते पहारेकरी झाले होते. ती अजून कुणी पाहिलेली नव्हती. ते उभे राहिले, एक वाक्य बोलले. बोलता बोलता उजवा खांदा दोनदा झटकला गेला आणि हनुवटी त्या खांद्यावर घासली गेली.



"हा मेला नाई," सोमारी हळूच म्हणाली. "हा माहा सुनिल हाये. माहा पोरगा. घुग्घुसच्या खानीत ड्यूटीवर हाये."

रंजीतानं सोमारीचाच फोन घेऊन त्याला लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. कुणी उचलेना. बऱ्याच वेळानं फोन आपणच खणखणला.

"काऊन वो माय? खाली होतो, फोन वरच ठेवा लागते."

सोमारीनं फोन घेऊन तो जेवला का विचारलं. पहारेकऱ्याच्या मरणाचं चित्रीकरण पुढच्या आठवड्यात होतं. गुणवंतरावांनी त्याच अंगणातून मुंबईला फोन लावला आणि काम सोडलं. निर्माता ओरडला, मग विनवण्या करू लागला, शेवटी म्हणाला की आता कुणी तुम्हाला बोलावणार नाही. कुणी बोलावलंही नाही; ते नागभीडला परतले. पहारेकरी दुसऱ्याच नटानं केला, अगदी पहिल्या प्रसंगापासून.

निघताना सोमारीनं त्यांचे हात सोडले नाहीत. "पोरगा वाचवला तुमी. पन आता आमची मानसं कुठी जातीन?"



उन्हाळ्यात सुनिल मोटरसायकलवर नागभीडला आला. धडधाकट, चाळिशीचा. गुणवंतरावांनी त्याला जेवू घातलं. तो खाणीतल्या गमती सांगत होता, मधूनच त्याचा उजवा खांदा झटकला जात होता. आणि समोर गुणवंतराव, आपलाही खांदा हलू नये म्हणून, दोन्ही तळवे मांड्यांखाली घट्ट दाबून, अंग आखडून बसले होते.