अर्ज चालू आहे

शिक्का मारण्यापूर्वी तो त्यावर तोंडाची वाफ सोडायचा, चष्म्याच्या काचेवर सोडतात तशी. मग कागदाच्या कोपऱ्यात तो सरळ टेकवायचा आणि म्हणायचा, “पोच घ्या. दिलात, आता गेलं.”

पोलादपुरातल्या एका सरकारी कार्यालयात तो आवक टेबलावर बसत असे. कार्यालयाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. अर्ज घेऊन तुम्हीही अशा टेबलांसमोर उभे राहिला असाल, तेव्हा हा मनुष्य तुम्हाला अगदीच अनोळखी वाटणार नाही.

मी महाडच्या न्यायालयात लिपिक होतो. निवृत्तीनंतर लोकांचे अर्ज लिहून देतो. तो मला ‘वकीलसाहेब’ म्हणे.

“मी वकील नाही.”

“म्हणून तर म्हणतो. वकील असता तर एवढं फुकट लिहिलं असतंत का?”

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एक वाडी आहे. वाडी आणि रस्ता यांच्यामध्ये ओढा. दर मे महिन्यात मुंबईहून सुट्टीला आलेली माणसे आणि वाडीतली माणसे मिळून वासे, बांबू आणि तार यांचा साकव घालीत. तो पावसाळाभर जेमतेम टिके. पक्का साकव मिळावा म्हणून मी वाडीच्या वतीने अर्ज केला आणि सोबत सल्लाही दिला: यापुढे लाकडी साकव घालू नका. घातलात तर ‘पर्यायी व्यवस्था उपलब्ध’ असा शेरा पडेल आणि प्रस्ताव बाद होईल.

सल्ला निर्दोष होता. वाडीने तो पाळला. दोन पावसाळे माणसे डोंगराला वळसा घालून ये-जा करीत राहिली.

तिसरे स्मरणपत्र त्याने वाचले. आवक लिपिकाने पत्र नोंदवायचे असते, वाचायचे नसते.

“वकीलसाहेब, राग नका मानू. वाडीला ओढ्यानं नाय अडवलंय.”

“मग कोणी?”

“तुमच्या अर्जानं. अर्ज चालू हाय म्हणून तिथं माणसं हात बांधून बसलीत, आणि अर्ज चालू हाय म्हणून इथं कुणाला घाई नाय. मागं घ्या तो.”

शासकीय कर्मचारी नागरिकाला अर्ज मागे घ्यायला सांगतो. का सांगतो? कोणाच्या वतीने सांगतो? हा विचार तालुक्यात पसरला तर उद्या कोणी काही मागणारच नाही, आणि ज्यांना काही द्यायचे नाही त्यांना तेच हवे असते. मी त्याला सुनावले, “मी चवदार तळ्याच्या गावात राहतो. हक्क म्हणजे काय ते मला शिकवू नका.”

“माझा पणजा होता तळ्यावर,” तो शांतपणे म्हणाला. “तळं सगळ्यांना खुलं, असा ठराव आधीच झाला होता, साहेब. कागदावर होता. पाणी वंजळीनंच घ्यायला लागलं.”

त्या संध्याकाळी मी त्याच्याविरुद्ध तक्रार लिहिली: कर्तव्यात कसूर, नागरिकास परावृत्त करणे, हेतू संशयास्पद. ती द्यायची मात्र त्याच्याच टेबलावर. त्याने ती शेवटपर्यंत वाचली, शिक्क्यावर वाफ सोडली, नेहमीसारखा सरळ शिक्का मारला.

“पोच घ्या. ही मात्र पोचेल.”

पुढच्या पावसाळ्यात वाडीतली एक म्हातारी वळशाच्या वाटेवर घसरली. मोडलेल्या पायानिशी तिला डोलीतून रस्त्यावर आणायला अर्धा दिवस गेला. पाय वाकडाच राहिला. एप्रिलात मी तिला भेटायला गेलो. तिने सुनेला चहा टाकायला सांगितले आणि विचारले, “साहेब, अर्ज चालू हाय ना आपला?”

“आहे.”

“मंग बरं. चालू ऱ्हाऊ द्या.”

मी तिच्या स्वरात टोमणा शोधला. नव्हता. असता तर मला बरे वाटले असते.

वाडीतून मी थेट त्याच्या कार्यालयात गेलो. त्याच्या खुर्चीवर एक मुलगी बसली होती. “त्यांची बदली झाली, काका. कोणाची तरी तक्रार होती.”

माझ्या आजवरच्या पत्रव्यवहारात तातडीने कार्यवाही झालेले तेवढे एकच पत्र.

तो कामचुकार होता, कोणाचा तरी माणूस होता, की खरे बोलत होता, याचा निकाल मी अजून दिलेला नाही. वाडीला पक्का साकव मिळण्याचा हक्क आहे, हे माझे म्हणणेही कायम आहे. परंतु मे महिना तोंडावर आला होता आणि वासे जमवायला आठवडा तरी लागतो.

बाहेरच्या बाकावर बसून मी अर्ज मागे घेत असल्याचे पत्र लिहिले. मुलीने त्यावरून नजर फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

“संदर्भ: आपल्या आवक लिपिकांची तोंडी सूचना. तोंडी संदर्भ चालत नाही, काका.”

“राहू द्या. जबाबदारी माझी.”

तिने शिक्का मारला. उमटला नाही. पुन्हा मारला, अर्धाच उमटला. तेव्हा मी तो तिच्याकडून मागून घेतला आणि तोंडाजवळ नेला.