गिरगावच्या दयाळाने ओळख दिली नाही

१९५६ साल. मी सव्वीस वर्षांचा, लालबागच्या एका गिरणीत कापड विणायच्या साच्यावर. शिक्षण चौथी नापास आणि अक्कल, माझ्या मते, भरपूर. घरात बायको आणि एक दयाळ. त्यातली बायको चैत्रात रुसून माहेरी गेली. दयाळ राहिला.

दयाळ म्हणजे काळापांढरा, शेपटी उभारून गाणारा पक्षी. हा मी कणकवलीकडच्या आमच्या गावातून आणलेला, गळा पुरता तयार झालेला. रोज सकाळी चाळीच्या गॅलरीत गायचा. समोर गिरणीच्या आवारातल्या पिंपळावर दुसरा दयाळ होता, तो आपलं आपलं गायचा, याच्या अंगावर कधी आला नाही. घाबरतो, असं मी वर्षभर अख्ख्या मजल्याला सांगत होतो.

बायकोची तक्रार एवढीच, "मी तापाने फणफणले तेव्हा विचारलं नाहीत. पिंजऱ्याला ऊन लागतं म्हणून मात्र ओला पंचा घातलात."

"ताप दोन दिवसांत उतरतो," मी म्हणालो. "दयाळ उन्हाने मरतो."

यात चुकीचं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

तिचं माहेर गिरगावात. सासरे छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे, म्हणजे पंडितच. त्यांचे वडील रत्नागिरीहून बोटीने आलेले, पण हे मूळचे गिरगावकर! चौपाटीवरच्या सभांत आम्ही दोघं शेजारी उभे राहून मुंबई आमची म्हणून घसे बसवून घ्यायचो. सभा सुटली की ते ओळखीच्यांना सांगायचे, "हे आमचे जावई. तिकडचे, लालबागचे." जसा काही मी परमुलखातून आलो होतो.

पंधरा दिवस वाट बघून एका रविवारी सकाळी तिला आणायला गेलो. पिंजरा बरोबर घेतला. सासरे सुपारी कातरत बसले होते.

"जावईबापू, मुलगी न्यायला आलात की पक्षी दाखवायला?"

"दोन्ही."

"मग होऊन जाऊ दे. आमच्या वाडीतल्या फणसावर दयाळ आहे. आपल्या हद्दीत दुसरा नर गायला की तो सोडत नाही. तुमच्या पक्ष्याशी भांडायला खाली उतरला, तर मुलगी पिंजऱ्यासकट घेऊन जा. नाही उतरला, तर पिंजरा उघडायचा."

आतून बायकोचा आवाज आला, "मला न विचारता खुशाल पैजा लावा. पिंजरा असेल त्या घरात मी यायची नाही."

एवढं स्पष्ट बोलल्यावर शहाणा माणूस थांबला असता. मी पिंजरा फणसाखाली ठेवला.

माझा दयाळ गायला. काय गायला! वाडीतल्या बायका नळावरच्या घागरी सोडून उभ्या राहिल्या. फणसावरच्याने मान वाकडी करून एकदा खाली पाहिलं आणि पिसं साफ करायला लागला. माझा दुसऱ्यांदा गायला, तिसऱ्यांदा गायला. वरचा ढिम्म. तेवढ्यात भिंतीपलीकडे शेजारच्या वाडीत एक दयाळ चार सूर कसाबसा गायला. झालं! फणसावरचा बाणासारखा सुटला आणि भिंतीवर दोघांची अशी जुंपली की पिसं उडाली.

"भ्यायला तुमचा," मी म्हणालो. "माझ्याशी भिडायची छाती नाही."

"भ्यायला? अहो, त्याला हे गाणंच वाटलं नाही."

"मामा, हरलात तर हरलो म्हणा!"

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारात आली. "भ्यायला असता तर उडून गेला असता. हा पिसं साफ करत होता. तुम्ही पहिल्यांदा या घरात आलात तेव्हा बाबा अशीच सुपारी कातरत होते."

सासऱ्यांचा अडकित्ता थांबला. मी पाणी न पिता पिंजरा उचलला. "उघडीन, पण इथे नाही," एवढं बोलून निघालो.

आता शिकलेली माणसं सांगतात की पक्षी आपल्या आजूबाजूचं गाणं ओळखतात आणि लांबचं फारसं मनावर घेत नाहीत. सांगू देत. मला ते त्या दुपारी गॅलरीत कळलं, तेही फुकट. माझा गात होता आणि पिंपळावरचा शेपटी हलवत किडे टिपत होता. वर्षभर मी ज्याला दरारा म्हणत होतो तो हाच. माझा बिचारा एकटाच बडबडत होता आणि मी मजल्यावर छाती काढून फिरत होतो.

पैज मी हरलो असं कोणी म्हणू नये. उतरायचं कबूल गिरगावच्या पक्ष्याने कुठे केलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी खाडा केला आणि पिंजरा घेऊन भाऊच्या धक्क्यावर गेलो. गावाकडच्या आमच्या वाडीतला एकजण बोटीने घरी चालला होता. त्याच्या हातात पिंजरा दिला. म्हणालो, "आपल्या परसात उघड रे. तिथे याच्याशी भांडणारे आहेत." मग ट्राम धरून गिरगावात गेलो आणि कोणी बसा म्हणायची वाट न बघता सासऱ्यांच्या उंबऱ्यावर बसलो. बायको बाहेर आली, माझ्या रिकाम्या हातांकडे पाहिलं आणि तिची पत्र्याची ट्रंक पुढ्यात आणून ठेवली. जड होती. मी उचलली.