प्रात्यक्षिकाला नेलेली मुलगी

"तुमच्या घरी पहिलं पुस्तक कुणी वाचून दाखवलं?"

कोथरूडच्या त्या महाविद्यालयात पहिल्याच तासाला मॅडमनी हा प्रश्न सगळ्यांना विचारला. आम्ही सगळे नोकरी करणारे शिक्षक. शनिवारी दुपारी आणि रविवारी येऊन वाचन-शिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणारे. एकेक जण उठून सांगत होता. कुणाचे आजोबा गोष्टी वाचून दाखवायचे. कुणाकडे मासिकांचे बांधून ठेवलेले अंक होते. कुणाला वाढदिवसाला खेळणी नाहीत, पुस्तकंच मिळायची. वर्गात हसणं-खिदळणं चाललं होतं. माझी पाळी आली.

मी म्हटलं, "कुणी नाही. घरात पुस्तक नव्हतं. आई-वडिलांना वाचता येत नव्हतं."

मॅडमनी आडनाव विचारलं. सांगितलं. त्यांनी मान हलवली, जणू उत्तर आधीच माहीत होतं.

"म्हणजे वाचनसंस्कार झालेलेच नाहीत. मग मुलांना काय देणार आपण?"

मला 'आपण' म्हणाल्या. पुण्यात अपमानसुद्धा आदराने होतो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी शेजारच्या बाकावरच्या बाईंनी मला एक पिशवी दिली. त्यांच्या मुलाची जुनी चित्रांची पुस्तकं. "घरात नुसती पडून होती हो," म्हणाल्या. मी घेतली. नको म्हणायचंही त्राण नव्हतं.

त्राण कुठून येणार? माझी शाळा मांजरीला. सरकारी. सकाळी खिचडीच्या नोंदी, मग मोबाइलवर माहिती भरायची, मग मतदार याद्यांचं काम, आणि उरलेल्या वेळात शिकवायचं. शाळेला लागून उसाची शेतं होती, आता तिथे उंच इमारती होताहेत. त्या बांधायला हिंगोली, वाशीम, यवतमाळकडून माणसं येतात. त्यांची मुलं माझ्या वर्गात. वर्षाच्या मध्येच येतात, वर्षाच्या मध्येच जातात. चौथीत बसतात आणि ओळ वाचता येत नाही. का येत नाही, ते मला कळत नव्हतं. मुलांवर ओरडून पाहिलं, स्वतःवर चिडून पाहिलं. मग वाटलं, वाचायला कसं शिकवतात ते आधी आपण नीट शिकावं. आणि ही पदवी असली की शिक्षकांना शिकवणाऱ्यांत नाव लागतं. आमच्या मुलांविषयी दर वेळी दुसरंच कुणीतरी येऊन बोलून जातं. एकदा तरी आपण बोलावं, एवढीच हाव.

म्हणून हडपसरला बस बदलून कोथरूड. पाय सुजलेले, डोळे मिटत असलेले. तरी पहिल्या बाकावर.

दुसऱ्या सत्रात प्रात्यक्षिक होतं. शिक्षकाने अडखळत वाचणारं एक मूल आणायचं, मॅडम त्याची सगळ्यांसमोर वाचन-तपासणी करणार, आम्ही ती बघून शिकणार. मूल कुणी आणायचं असा प्रश्न आला तेव्हा मॅडमनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला फार शोधावं लागणार नाही."

खरंच लागलं नाही. आरती होती. चौथीतली, वाशीमकडची. बोट ठेवून, ओठ हलवत वाचायची, पण वाचायची. काही महिन्यांपूर्वी अक्षर ओळखत नव्हती. मी तिच्या आईला विचारायला बांधकामावर गेले. ती वाळू चाळत होती.

"तुमी नेता नं बाई? मंग इचारता काऊन?" एवढंच म्हणाली.

माझी आई अशीच बोलायची. वडील कंपनीत लागले म्हणून आम्ही तिकडून पुण्यात आलो, पण आईची बोली तशीच राहिली. मला गलबलून आलं.

रविवारी आरतीला घेऊन निघाले. खिडकीशी बसली आणि पाट्या वाचायला लागली. मिठाईचं दुकान, दवाखाना, चष्म्याचं दुकान, क्लासची जाहिरात. एक पाटी पुरी व्हायच्या आत बस पुढे जायची, मग ती चिडायची. "बाई, डायवरले हळू चालवाले सांगा नं." पुढच्या सीटवरचे आजोबा वळून हसले. त्या दिवसात मला जे काही सुख मिळालं ते बसमध्येच.

सभागृह भरलेलं होतं. बाहेरून पाहुणे बोलावले होते, हे मला सांगितलेलं नव्हतं. मंचावर खुर्ची, टेबल, माइक. आरतीला खुर्चीत बसवलं. पाय जमिनीला टेकत नव्हते.

मॅडमनी माइक तिच्यासमोर सरकवला. "घरी किती पुस्तकं आहेत, बाळ?"

आरती माइकच्या जाळीकडे बघत राहिली.

"कोण वाचून दाखवतं?"

"कोनीच नाही."

"आईला वाचता येतं?"

आरतीने माझ्याकडे पाहिलं. मग खाली पाहिलं.

मॅडम सभागृहाकडे वळल्या. "पाहिलंत? याला म्हणतात वाचन-दारिद्र्य. नोंदवून घ्या."

सगळ्यांची पेनं एकदम चालू झाली. आरती ती पेनं बघत होती. मग समोर उतारा ठेवला. तिने बोट ठेवलं. मॅडमनी ते बोट उचलून बाजूला केलं. "बोट न ठेवता." ती पहिल्याच ओळीत अडली. "पुन्हा. चुका मोजत राहा सगळ्यांनी." ती पुन्हा अडली. पेनं पुन्हा चालली.

मला माझी लहानपणची शाळा आठवली. तपासणीला साहेब यायचे त्या दिवशी गुरुजी आम्हा काही मुलांना सकाळीच मैदानात पाठवायचे. खडे वेचायला. ज्यांना वाचता येत नाही ते वर्गात दिसू नयेत म्हणून. साहेबांची जीप गेली की मग आत यायचं. मला वाटायचं खडे वेचणं हे मानाचं काम आहे. गुरुजींनी मला निवडलं म्हणून मी घरी सांगायची. कितीतरी वर्षांनी कळलं.

तेव्हा आम्हाला लपवत होते. आता मंचावर बसवतात. दोन्ही वेळा आम्हाला कुणी विचारत नाही.

मी उठले. कधी उठले ते कळलं नाही.

"बास, मॅडम. ती आता वाचणार नाही."

"अहो, खाली बसा. हे शास्त्र आहे, यात भावना नको."

"मग कोथरूडच्या शाळेतलं मूल बसवा ना. अडखळणारी तिथेही असतील."

"तसं नाही करता येत," मॅडम पटकन म्हणाल्या. "त्यांच्या पालकांची लेखी संमती लागते."

बोलून गेल्या. सभागृहात कुणी काही लिहिलं नाही.

मी मंचावर गेले. आरतीला खुर्चीवरून उतरवलं. मॅडम माइक बाजूला करून हळूच म्हणाल्या, "तुमचे प्रात्यक्षिकाचे गुण यावर आहेत. विचार करा." विचार केला. तेवढ्या वेळात दारापर्यंत पोचलो होतो.

परतीच्या बसमध्ये आरती खिडकीशीच बसली. पाट्या सगळ्या तिथेच होत्या. तिने एकही वाचली नाही. मी एका पाटीकडे बोट दाखवलं.

"मले नाही येत," ती म्हणाली.

येत होतं. सकाळी येत होतं. एवढे दिवस दोघींनी मिळून केलेलं त्या माइकपुढे गेलं. मला रडू आलं आणि रागही आला, पण रागावायलाही अंगात ताकद लागते. तिचा हात धरून बसले.

गुणपत्रिकेत प्रात्यक्षिकासमोर 'अपूर्ण' आलं. पुन्हा द्यावं लागेल, म्हणजे आणखी एक वर्ष, पुन्हा तीच बस. घरचे म्हणतात सोडून दे. सहकारी म्हणतात, मॅडमना जाऊन सॉरी म्हण, एका मिनिटाचं काम आहे. आरती वर्गात पुस्तक उघडते, पण ओठ हलवत नाही. पुन्हा अक्षरांपासून सुरुवात केली आहे. होईल की नाही, माहीत नाही.

सॉरी म्हणणार नाही. सोडणारही नाही. नाव पुन्हा नोंदवलं आहे, पहिल्याच बाकावर बसणार आहे. प्रात्यक्षिक घ्यायचं तर मॅडमनी मांजरीला यावं. आमच्या वर्गात, जमिनीवर बसून. शेजारी आरतीची आई असेल. तिला आधी विचारायचं, आणि ती नाही म्हणाली तर चहा पिऊन परत जायचं. पाहुणे नाहीत, माइक नाही. पोरगी बोट ठेवून वाचेल.

हे चालत नसेल तर अपूर्ण. पुढच्या वर्षीही अपूर्ण. मंचावर माझ्या वर्गातलं मूल पुन्हा बसणार नाही.