लोखंडाची थोरली, प्लॅस्टिकची बाहुली

सिंधुबाईच्या घरात माणसांपेक्षा बंदुकीचा मान मोठा. यात्रेहून परत आल्यावर टेम्पोतून आधी थोरली उतरायची, मग सिंधुबाई, आणि मुलगा राजू उतरला की नाही हे कुणी बघायचंही नाही.

थोरली म्हणजे फुगे फोडायची छर्ऱ्याची बंदूक. नळी लोखंडाची, घोडा लोखंडाचा, दस्ता शिसवी लाकडाचा आणि दस्त्याच्या बुडाला लोहाराकडून ठोकून घेतलेली लोखंडी पाटी. सिंधुबाईच्या मालकांनी, धोंडीरामांनी, ती लग्नाआधीच घेतली होती. म्हणजे नात्यानं सवतच, आणि तीही आधी आलेली, म्हणून थोरली. सिंधुबाईनं पहिल्या वर्षी तिचा राग राग केला. दुसऱ्या वर्षी तिला तेल द्यायला लागली. नवरा अंगाला हात लावून घेत नव्हता, ही बंदूक मुकाट पुसून घेत होती, आणि नवरा ऐकत नव्हता तशी ही बंदूक ऐकत होती. फक्त नेम जरा डावीकडे जायचा. मधला फुगा धरला की त्याच्या डावीकडचा फुटायचा, आणि गिऱ्हाईक छाती काढून म्हणायचं, "त्यालाच धरला होता." अब्रू दोघांचीही राहायची.

धोंडीराम जाताना बायकोला दोन गोष्टी सांगून गेले. एक, दशक्रियेला जिलबी ठेव. दुसरी, "थोरलीला वरून तेल दे, पण तिचं पोट उघडू नको. आत चामड्याचं वायसर हाय, लय नाजूक. वारा लागला तर सुकंल." जिलबी काही ठेवली नाही. ती दुसरी गोष्ट मात्र सिंधुबाईनं पाळली. नवऱ्याचं ऐकलं असं दाखवायला एक तरी गोष्ट हवी ना.

नवरात्रात कालिकेची यात्रा, शिवरात्रीला त्र्यंबक, चैत्रात वणी, असं तिचं वर्ष जायचं. फुलेनगरच्या घरात टीव्हीवरच्या सासवा बघत बसण्यापेक्षा फळीमागच्या लोखंडी खुर्चीत बसावं, आणि मिशांना पीळ देऊन आलेला गडी तीन फुगे ओळीनं चुकवताना बघावा, यात तिचा जीव रमायचा. त्या खुर्चीवरून तिला उठवायचं म्हणजे देवीला गाभाऱ्यातून उठवण्यासारखं होतं. देवी निदान पुजाऱ्याचं तरी ऐकते.

आणि नेमकी सून आली मनमाडची. मनाली तिचं नाव. बाप रेल्वेत, त्यामुळे घरात सगळं वेळेवर आणि शिट्टी मारून. यंदा घटस्थापनेला तिनं नवी बंदूक आणली. काळाकुळकुळीत प्लॅस्टिकचा दस्ता, घोड्याभोवतीची कडीही प्लॅस्टिकची, वजनाला पिसासारखी.

सिंधुबाईनं ती एका हातात उचलली आणि नाक मुरडलं. "ही बंदूक हाय का साबणाची डबी?"

"आत्या, आता पोरी येतात नेम धरायला. त्यांना हलकी लागते. तुमची तोफ उचलून त्यांचे दंड दुखतात."

"दंड दुखत्यात तर भाकरी थापा म्हणावं. ही बाहुली दसऱ्यापत्तुर टिकली तर नाव सांग."

"आणि तुमची थोरली? तिचं वय काय, तब्येत काय?"

"माझ्या थोरलीत एक चिमूट प्लॅस्टिक निघालं तर मी आयुष्यभर घरी बसून तुझ्या चड्ड्या वाळत घालीन," सिंधुबाई म्हणाली. रागात माणूस काय बोलेल त्याला धरबंध नसतो.

राजू दोघींच्या मध्ये फुग्यासारखा लटकत होता. त्यानं आपलं सुचवलं, "मग असं करू. या यात्रेत जी बंदूक मोडेल ती घरी."

"ती आणि तिची मालकीण," मनाली म्हणाली. "दुकानाला दोन बायका कशाला?"

सिंधुबाईनं थोरलीकडे एकदा बघितलं. पण शब्द तोंडातून गेला होता. "चालंल," ती म्हणाली.

पहिले दिवस बाहुलीचे गेले. पोरी यायच्या, बाहुली खांद्याला लावून फोटो काढायच्या, मधेच कधीतरी छर्राही मारायच्या. थोरलीकडे यायचे ते थोरलीच्याच वयाचे. सिंधुबाई खुर्चीत बसून मनातल्या मनात देवीशी भांडत होती, की बाई, वर बसून नुसते नारळ खातेस, जरा इकडेही बघ. देवीनं बघितलं की काय कोण जाणे, सातव्या माळेला एका गड्याचे सगळे नेम चुकले आणि त्यानं बाहुली फळीवर आपटली. कडीला तडा गेला. थोरली तसली आपटाआपटी जन्मभर खात आली होती आणि दर वेळी पोचा फळीलाच पडला होता. मनालीनं गुपचूप चिकटपट्टी लावली. सिंधुबाईनं बघितलं आणि गाणं गुणगुणायला सुरुवात केली.

मग आली खंडेनवमी, हत्यारांच्या पूजेचा दिवस. धोंडीरामांची रीत अशी की हळदकुंकू वाहून झालं की थोरली उलटी धरायची आणि तिच्या बुडाच्या लोखंडी पाटीवर नारळ फोडायचा. सिंधुबाईनं एका दणक्यात दोन भकलं केली. पाण्याचा थेंबसुद्धा सांडू दिला नाही.

मनालीनं दुसरा नारळ उचलला. "बाहुलीचाही मान आहे. तिच्यावरही फुटणार."

फुटणार काय, हे सिंधुबाईला दिसत होतं. तोंडावर आलेलं तिनं गिळलं आणि गोड आवाजात म्हणाली, "फोड की बाई. तुझीच बंदूक, तुझाच नारळ."

मनालीनं मनमाडचा सगळा जोर लावला. दस्ता कडकन उभा चिरला. नारळाला चरासुद्धा नाही. तो उडाला आणि टुणटुण करत शेजारच्या भागीबाईच्या दुकानात, गोडीशेवेच्या ढिगात जाऊन बसला.

भागीबाई आणि सिंधुबाई घरच्याही शेजारणी, यात्रेतल्याही शेजारणी, आणि कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. कारण एक झाकण. लोणच्याच्या बरणीचं, जाड, निळं. अंगणात वाळत घातलेलं ते गायब झालं, त्याच दिवशी भागीबाई उलथनं मागायला आली होती, आणि सिंधुबाईनं अख्ख्या गल्लीत चोर म्हणून तिचं नाव केलं होतं. तेव्हापासून बोलायचं ते तिसऱ्याला सांगून.

"राजू," भागीबाईनं हाक दिली, "तुझ्या आईला सांग, तिचा नारळ माझ्या शेवेत आलाय. लवकर ने म्हणावं. नाहीतर झाकणासारखा हाही माझ्या नावावर लागायचा."

सिंधुबाईला त्या दिवशी टोमणाही गोड लागला. मनाली फुटका दस्ता मांडीवर घेऊन बसली होती. "बॅग भर हो," सिंधुबाई म्हणाली. "चड्ड्या तुझ्या तूच वाळत घाल."

दुपारपासून गर्दी लोटली आणि सगळा भार थोरलीवर आला. दोनचार फुगे फुटले. मग एका पोरानं घोडा ओढला आणि ठो व्हायच्या जागी नुसतं फुस्स झालं. छर्रा नळीतून घरंगळून त्याच्या चपलेवर पडला.

"मावशी, बंदूक शिंकली का?"

पुन्हा ओढला. पुन्हा फुस्स. सिंधुबाईचा चेहरा उतरला. तिला खुर्ची दिसेना, फुलेनगरचा पंखा दिसायला लागला, भिंत दिसायला लागली, आणि टीव्हीवरची सासू रडताना दिसायला लागली.

मनाली उठली. "राजू, पाना आण. उघड."

"हात नाय लावायचा!" सिंधुबाईनं थोरली छातीशी धरली. "मालकांचा शब्द हाय."

"आत्या, शब्द देणारे वर गेले. गिऱ्हाईक खाली उभं आहे."

सिंधुबाईनं रांगेकडे बघितलं, मग आभाळाकडे, आणि थोरली फळीवर ठेवली. राजूनं मागचा पेच सोडवला. स्प्रिंग निघाली, दट्ट्या निघाला, आणि दट्ट्याच्या तोंडाशी, जिथं नाजूक चामडं असायचं, तिथं तेलानं माखलेलं, झिजून कागद झालेलं काहीतरी गोल निघालं. सिंधुबाईनं ते पदरानं पुसलं. निळं. पुसलं तसे त्यावर तीन काळे ठिपके दिसले.

तिला लिहिता येत नव्हतं. म्हणून लग्नाकार्यात भांडी बदलू नयेत यासाठी ती आपल्या सगळ्या प्लॅस्टिकवर तापल्या सळईनं तीन ठिपके द्यायची.

भागीबाई शेवेचा झारा हातात घेऊनच धावत आली. तिनं वाकून बघितलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा थेट बोलली, "अगं सिंधे, हे तर तुझं झाकण!"

राजू हळूच म्हणाला, "म्हणजे आबांनी चामडं संपल्यावर..."

"म्हणून पोट उघडू नको म्हणत होता मेला!" सिंधुबाई ओरडली. "आणि मी इथं चामड्याची सेवा करतेय! बरं झालं जिलबी नाय ठेवली."

हसू आधी भागीबाईला फुटलं, मग सिंधुबाईला. इतकं हसल्या की भागीबाईच्या झाऱ्यातली शेव सिंधुबाईच्या डोक्यावर सांडली. मनाली मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती.

"आत्या, इतकी वर्षं थोरली प्लॅस्टिकवर पळत होती तर."

"होती."

"चड्ड्यांचं काय बोलला होतात?"

सिंधुबाईनं डोक्यावरची शेव झटकायला घेतली.

भागीबाईनं रेवड्यांच्या बरणीचं लाल झाकण काढून फळीवर ठेवलं. "घे. हे मी माझ्या हातानं देतेय. सगळ्यांनी बघून ठेवा."

मनालीनं निळ्या चकतीच्या मापानं लाल झाकण कापलं, कडा तासल्या आणि ते दट्ट्यावर बसवलं. ते होईपर्यंत सिंधुबाईनं तेलाच्या डब्याचा पत्रा कापून बाहुलीचा चिरलेला दस्ता दोन जागी आवळला, स्क्रू मारले. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. पत्र्याचं प्लॅस्टर घातलेली बाहुली आणि लाल झाकणाची थोरली शेजारी शेजारी फळीवर आल्या.

"अट काय होती?" मनालीनं विचारलं. आवाज मऊ होता, पण विचारलं.

"जी मोडंल ती मालकिणीसकट घरी. दोघीबी मोडल्या." सिंधुबाई खुर्चीवर बसली, जरा सरकली आणि अर्धी खुर्ची थोपटली. "तू बस हितं. घरी राजूला धाड. खिचडी लावता येती त्याला."

राजू बिचारा पिशवी उचलून निघाला.

"भागे, पहिला नेम तुझा," सिंधुबाई म्हणाली.

भागीबाईनं थोरली उचलली, पदर खोचला आणि मधल्या फुग्याच्या उजवीकडच्या फुग्यावर नेम धरला. ठो झालं. मधला फुटला.

सिंधुबाईचे डोळे विस्फारले. "तुला गं कसं ठाऊक?"

"इतकी वर्षं शेजारी बसून बघतेय," भागीबाई म्हणाली. "बोलत नव्हते एवढंच."