बिनकॉलरचा शर्ट

मी बंगळूरला निघालो त्या सकाळी वरळीच्या बीडीडी चाळीत, आमच्या दारातच, पप्पांनी माझी कॉलर स्वतःच्या हाताने सरळ केली. शेजारचे तांबेकाका म्हणाले, "पोराला कामाला पाठवतोयस की बोहल्यावर?" पप्पा हसले नाहीत. मला म्हणाले, "बिनकॉलरचा कुणापुढे उभा राहू नकोस. आपल्याला ती फुकट मिळालेली नाही."

चाळीत राहिलेल्यांनो, आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, हे वाक्य तुमच्याही घरात होतं. आपल्या पणजोबांना गावात अंगभर कपडा घालायची मुभा नव्हती. म्हणून पप्पा चळवळीच्या सभेची पत्रकं वाटायलाही इस्त्रीच्या शर्टात जात. मी अक्षरं शिकलो ती त्या पत्रकांवर.

इथे मी कपड्यांच्या कंपनीत वर्णनं लिहितो. सध्या हेन्ली नावाच्या शर्टाची. कॉलर नाही, गळ्यापासून छातीपर्यंत दोन-तीन बटणांची पट्टी. थंडीसाठी जाड, चौकड्यांच्या विणीचा. जॅकेटखाली घालायला अंगाबरोबरचा. सुट्टीसाठी वेगळ्या रंगाच्या बाह्यांचा. वरचं बटण उघडं ठेवा, असं मी लोकांना शिकवतो. आजोबा गिरणीत ज्या बंडीवर राबले, ती जवळपास हीच. तिचं वर्णन कुणी लिहिलं नाही.

आमचे साहेब रोज हेन्ली घालतात. गळ्यापर्यंत बंद कॉलर असते ती वॉचमनला, लिफ्टमनला, सफाईवाल्यांना. आपण झगडून मिळवलेली कॉलर आपल्यापर्यंत पोचेस्तोवर वरच्यांनी काढून टाकली होती आणि हुकूम पाळणाऱ्यांच्या गळ्यात घातली होती.

हे पप्पांना सांगायचं मला जमलं नाही. गेल्या वर्षी ऑफिसने घरच्यांना बोलावलं, तेव्हा मी पप्पांसाठी राखाडी हेन्ली आणली. "बंडीवर येऊ तुझ्या साहेबांपुढे?" म्हणत ते पांढराशुभ्र शर्ट घालून आले, वरचं बटण लावून. मी खाली पोचायच्या आत गार्ड त्यांना अदबीने म्हणाला होता, "अंकल, स्टाफ का गेट पीछे है." आयुष्यभर शब्दाला शब्द देऊन भांडलेला माणूस मला मागच्या गेटच्या रांगेत सापडला.

गार्डशी मी भांडलो. त्याचीही कॉलर गळ्यापर्यंत बंद होती.

संध्याकाळी पप्पा म्हणाले, "ती बंडी दे रे. पुढच्या वेळी तीच घालतो."

आता चाळ पाडली, त्याच जागेवरच्या टॉवरमध्ये आमची खोली आहे. पप्पा ती हेन्ली घालूनच दार उघडतात. माझ्यासाठी घर म्हणजे अजून ते जुनं दार आणि माझी कॉलर सरळ करणारे दोन हात. हल्ली मी गेलो की पप्पा माझ्या गळ्याकडे बघतही नाहीत.