सोमवारी काढलेलं रक्त

माझ्या गाइड सरांवर सूड उगवायचा, हे मी पीएचडी संपायच्या आधीच ठरवलं होतं. लोक म्हणतात राग विरतो. माझा मी विरू दिला नाही.

माझं काम देवणी जातीच्या कालवडींवर. काही कालवडी अंगानं भरतात, पण माजावर यायला लई उशीर लावतात. वाढीच्या आणि प्रजननाच्या हार्मोनचा मेळ कुठं बिघडतो, ते मला शोधायचं होतं. दर मंगळवारी शिरूर अनंतपाळकडच्या गोठ्यांत जायचं, मानेच्या शिरेतून रक्त घ्यायचं, बर्फाच्या पेटीत घालून एसटीनं लातूरला आणायचं. एकीनं लाथ घालून गुडघा फोडला, तो अजून दुखतो. सर एकदाही गोठ्यात आले नाहीत. बुटांना शेण लागलं असतं ना.

उत्तर हाती आलं तेव्हा सरांनी ते स्वतःच्या आणि पुतण्याच्या नावानं छापलं. विचारायला गेले तर म्हणाले, "पोरी, तुझं लग्न ठरून राहिलंय, तुला नाव कशाला लागतंय?" त्या कामावर त्यांना मोठी खुर्ची मिळाली. मी नांदेडला नोकरी धरली. पेपरात त्यांच्या सत्काराचा फोटो आला की दातओठ खात बसायचे.

गेल्या वर्षी त्यांच्याच विद्यार्थिनीच्या तोंडी परीक्षेला बाहेरची परीक्षक म्हणून मला बोलावणं आलं. सरांना वाटलं असेल, बाई विसरली. मी ठेवणीतली इरकल नेसून गेले.

पोरगी पुण्याकडची, हुशार, पण घाबरलेली. सांगू लागली, "सरांच्या जुन्या अभ्यासातल्या, शिरूर अनंतपाळकडच्या त्याच गोठ्यांतून दर सोमवारी रक्ताचे नमुने घेतले."

मी पेन खाली ठेवलं. ती सगळी घरं लिंगायतांची. सोमवार महादेवाचा, म्हणून नंदीचाही. त्या दिवशी तिथं बैलाच्या मानेवर जू चढत नाही, आणि कालवडीला सुई लावतो म्हटलं तर घरातली म्हातारी काठी घेऊन उठते. पहिल्या खेपेला मलाही हाकलून दिलं होतं, म्हणून तर मंगळवार. छापलेल्या लेखात वार नव्हता, त्यामुळं मंगळवारचं फक्त गोठ्यात गेलेल्यालाच ठाऊक. म्हणजे नमुने घेतलेच नव्हते, आकडे खुर्चीत बसून लिहिले होते.

पोरीला मी काहीच विचारलं नाही. सरांकडे वळले. "सर, सोमवार कुणी ठरवला?"

"मीच. माझ्या जुन्या अभ्यासाची पद्धत आहे ती."

"तेव्हाही सोमवारीच रक्त घेतलं होतं?"

"अर्थात. मी स्वतः उभा राहून."

समितीतले विभागप्रमुख उदगीरचे, स्वतः लिंगायत घरातले. ते सरांकडे बघत म्हणाले, "सोमवारी? आमच्यात? कुणाच्या गोठ्यात हो?" सरांना एका घराचं नाव सांगता येईना. पोरगी रडायला लागली. म्हणाली, सरांनीच लिहायला लावलं.

प्रबंध परत गेला. पोरीला सगळं काम पुन्हा करावं लागणार होतं. तिची कीव आली, पण खरं सांगते, त्या घडीला थोडीच आली.

बाहेर व्हरांड्यात सरांनी मला गाठलं. "मॅडम, वरपर्यंत नेऊ नका, इथंच मिटवून टाका. पुढच्या लेखात तुमचं नाव पहिलं घालतो."

"नाव नको. आत चला, आणि ते जुनं रक्त कुणी काढलं होतं, ते सगळ्यांसमोर सांगा."

ते आत आले. मान खाली घालून पुटपुटत त्यांनी माझं नाव घेतलं. मला स्वच्छ ऐकू आलं होतं.

"ऐकू आलं न्हाई, सर," मी म्हणाले. "जरा मोठ्यानं."